भागाकार न लागणारं पान

माझा मुनशी थापाड्या होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला बोल लावू नये. तीन-साडेतीन शतकांमागं मुघलांच्या दख्खनच्या फौजेत तो कारकून होता. फौजेच्या मागं घोड्यावरून हिंडायचा आणि पाहिलेलं फारसीत लिहून ठेवायचा. न पाहिलेलं जरा जास्त ऐसपैस लिहायचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणं परंड्याच्या किल्ल्यातले डास कबुतराएवढे होते आणि पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय कुणाला चावत नव्हते. नळदुर्गाच्या बंधाऱ्यावरून मासे उडी मारायचे ते थेट हंडीत पडायचे, मीठ तेवढं आपण टाकायचं. एका सरदाराच्या लग्नात पुलावाचा ढीग एवढा झाला की पलीकडच्या पंगतीला निरोप द्यायला सांडणीस्वार पाठवावा लागला.

असल्या माणसाच्या प्रेमात मी पडणार नाही तर कोण पडणार. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि आमच्या स्टाफरूममध्ये रीतच पडून गेलीय की सर पाच म्हणाले की एक धरायचा. आमचं घराणं मेंढरं राखणारं. नजर लागू नये म्हणून माझ्या बापानं जन्मभर कळप मोजून कमी सांगितला. घराण्यात जेवढं कमी सांगितलं गेलं, तेवढं सगळं शिल्लक राहून माझ्या वाट्याला आलं असावं.

मुनशीसाठी मी एक भागाकार बसवला होता. हत्ती, घोडे, मेलेले शत्रू, यांना दहानं भागायचं. मेजवान्यांना वीसनं. आणि स्वतःचं शौर्य जिथं येईल तिथं सरळ पूज्य. फौजेच्या जुन्या कागदांशी हा हिशेब ताडून पाहिला तर बऱ्याच ठिकाणी जमायचा. एका चर्चासत्रात मी हे वाचूनही दाखवलं. सभागृहातले दहा जण घोरत होते. बरं, एक.

या मुनशीच्या प्रवासवर्णनाची एकच प्रत मला माहीत आहे आणि ती सास्तूरला आहे. ऐंशीच्या घरातल्या एका बाईंकडं. सगळी गल्ली त्यांना चाची म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या सासरच्या कुणा पूर्वजानं निजामाच्या राज्यात नोकरी करताना ती किताब कुठून तरी मिळवली. चाचींचा नियम एकच, किताब घराबाहेर जाणार नाही. फोटोही नाही. फोटोनं अक्षर विटतं, असं त्या म्हणतात. मी वाद घालत नाही, कारण वाद घातला की चहा बंद होतो. तेव्हा गेली कित्येक वर्षं दर रविवारी मी धाराशिवहून मोटारसायकलवर निघतो, सास्तूर गाठतो, हात धुतो, बासन सोडतो आणि पेन्सिलीनं पानामागून पान उतरवून काढतो. नंतर त्यातलं काय काय ते चाचींना मराठीत सांगायचं. हे त्या चहाचं मोल.

डासांचं ऐकून त्या ओढणीचा बोळा तोंडात धरून हसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्यो तुजाच कुणी तरी दिसायलाय, मास्तर."

"चाची, तो मुघलांचा मुनशी. मी धनगर."

"थापेला जात असती व्हय?"

आता घराचं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. जुनं सास्तूर भूकंपात पडलं तेव्हा चाचींचं दगडामातीचं माळवद एका धडाक्यात खाली आलं. नवरा गेला, सासू गेली. त्या एकदाच मला हे बोलल्या, तेही भाजी निवडत. "माणसं काढायला उकरलं, आन् किताब निघाली." मी समोरची जुडी ओढली आणि भाजी निवडायला लागलो.

पुनर्वसनात त्यांना पक्क्या दोन खोल्या मिळाल्या. वर स्लॅब, भूकंपातही टिकेल असा. चाची त्यात एकही रात्र झोपल्या नाहीत. समोरच्या अंगणात त्यांनी पत्र्याचं शेड ठोकून घेतलं आणि सगळं घर त्यात राहू लागलं. स्लॅबखाली सोयाबीनची पोती, लोखंडी कपाट, भांड्यांची मांडणी आणि किताब. मी एकदा विचारलं, एवढीच भीती आहे तर किताब का आत ठेवलीत. म्हणाल्या, "स्लॅब पडला तर किताब फाटंल, मरणार न्हाई. पत्रा पडला तर मी फाटंन, मरणार न्हाई." या हिशेबात चूक काढून दाखवा.

या पावसाळ्यात जमिनीतून आवाज यायला लागले.

आमच्या भागाला हे नवं नाही. अधूनमधून जमीन गुरगुरते, पेपरात चार ओळी येतात, लोक विसरतात. पण यंदा तो आवाज मी स्वतः ऐकला, त्याच स्लॅबखाली, चटईवर बसून. कुणीतरी टिपरभर मुरूम ओतावा तसा, फक्त तो बाहेर रस्त्यावर नाही तर आपल्या बुडाखाली, खोल कुठं तरी ओतला जात होता. मांडणीवरची ताटं एकमेकांना हलकेच लागली. मी चटईवरून निघालो तो अंगणातच उतरलो. मधलं दार मला आठवत नाही. चष्मा आत राहिला होता, पेन्सिल मुठीत होती.

तालुक्याहून माणसं येऊन गेली. यंत्रावर विशेष काही नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका, असं सांगितलं. हे सगळं त्यांनी अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. आत बसा म्हटलं तर एकही जण आत बसला नाही.

आणि नेमकी याच दिवसांत चाचींची नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. एवढीशी, मुठीत मावेल अशी. (बरं, दोन मुठींत.) त्यांच्याकडं बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही. पण घर म्हणजे काय? पत्र्याचं शेड. पाऊस आडवा यायचा, पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून थेंब गळायचे, खालची जमीन ओली, धूर कोंडलेला. बाळ खोकू लागलं. माणसाचं पिल्लू एवढ्या मोठ्यानं खोकू शकतं हे मला माहीत नव्हतं.

चाचींचा मुलगा गावात मोटारसायकली दुरुस्त करतो. माणूस अबोल, पण त्या रविवारी मी पोचलो तेव्हा मायलेकांचं जुंपलं होतं.

"अम्मा, लेकरू भिजायलंय. आत न्यावं लागंल."

"आत कुठं? त्या कबरीत?"

"स्लॅब हाय तो. सरकारनं बांधलाय."

"माळवद तुज्या आज्यानं बांधलं होतं. सरकारपरीस चांगलं बांधलं होतं."

मुलगा माझ्याकडं वळला. "सर, तुम्ही सांगा की हिला. तुमचं ऐकती."

"आज मास्तराला माजं ऐकू दे," चाची म्हणाल्या. "जा मास्तर, तू किताब वाच."

मी गेलो. एका घरच्या भांडणातून सुटका झाली म्हणून हायसं वाटलं, आणि बासन सोडलं. त्या दिवशीचं पान होतं इथून जवळच वाहणाऱ्या तेरणेच्या काठच्या मुक्कामाचं. मी नेहमीप्रमाणं भागाकार तयार ठेवून बसलो. आणि भागायला काही सापडेना.

मुनशीनं लिहिलं होतं की नदीकाठच्या एका खेड्यात ते उतरले. संध्याकाळी जमिनीतून आवाज आला. खेड्यातले लोक म्हणाले, हे नेहमीचं आहे. पावसाची चिन्हं होती म्हणून सगळे घरांत झोपले. बस्स. ना हत्ती, ना हजार, ना स्वतःची फुशारकी. आवाज कशासारखा होता हेसुद्धा नाही, आणि हा तोच माणूस, ज्यानं एका उंटाच्या शिंकेवर पानभर मजकूर लिहिलाय.

जुन्या फारसी हस्तलिखितांत पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एकच शब्द तिरका लिहिलेला असतो. पुढचं पान ज्या शब्दानं सुरू होणार तो. पानं सुटी झाली तरी क्रम लावता यावा म्हणून. त्याला रकाब म्हणतात, घोड्याची रिकीब असते तीच. त्यात पाय ठेवायचा आणि पुढच्या पानावर चढायचं. या पानाची रकाब होती, 'सकाळी'.

मी पान उलटलं. पुढचं पान 'बाजारात' या शब्दानं सुरू होत होतं. भलतंच गाव, भलताच बाजार, पानाचे विडे थाळीएवढे. मुनशी पुन्हा थापा मारत होता. मधलं पान नव्हतंच. कधी गेलं कोण जाणे, कदाचित माळवदाच्या ढिगात.

मी थापाड्यांच्या जातीतला आहे, म्हणून सांगतो. आम्ही वाढवून सांगतो तेव्हा मजेत असतो. गोष्टीपासून लांब, भरल्या पोटी, चार माणसांत बसून सांगतो. आमचा माणूस एकाएकी साधं बोलू लागला तर समजावं की ती गोष्ट अजून त्याच्या मानेवर बसलेली आहे. त्या पानावर मुनशी घाबरलेला होता. मला त्याची अक्षरं थरथरलेली दिसली असं मी सांगू शकलो असतो, पण तसं नव्हतं. अक्षर नेहमीचंच होतं, टपोरं, सुरेख. म्हणूनच डोक्यावरच्या स्लॅबकडं बघायचा मला धीर होईना.

बाहेर आलो. चाची चहा घेऊन बसल्या होत्या. "काय म्हणतो आज तुजा मुनशी?"

"काही विशेष नाही," मी म्हणालो. "एका गावात मुक्काम केला, एवढंच."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिल्या.

"कुठल्या गावात?"

"नदीकाठच्या."

"आन् तिथं काय मोठं होतं? डास? मासं?"

"काही नाही, चाची. खरंच."

"मास्तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इतक्या वर्सांत तू ह्या अंगणात एकबी गोष्ट साधी सांगितली न्हाईस. आज का साधी सांगायलास?"

मी कपात बघत बसलो. मुलगा पाना हातात धरून तसाच उभा राहिला. चाची उठल्या, शेडात गेल्या आणि नातीला म्हणाल्या की बाळाला पायाशी नको, कुशीत घे. संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन-चार घरांनी बाजा बाहेर काढल्या. काय लिहिलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर साधं बोलला, एवढंच गल्लीत पसरलं होतं.

मी कामाला लागलो, म्हणजे असं ठरवलं की मुनशीला खोटा पाडायचा. तो त्या दिवसांत तेरणेकाठी नव्हताच असं एकदा कागदावर दिसलं की झालं. रजा टाकून हैदराबादला गेलो. तिथल्या दफ्तरात फौजेच्या हजेऱ्या आहेत. एकाच्या जागी दुसऱ्यानंच उभं राहून पगार उचलू नये म्हणून त्या काळी प्रत्येक स्वाराचा चेहरा शब्दांत लिहून ठेवत. रंग, तीळ, जखमा, घोड्याचा रंग, घोड्याला तापल्या लोखंडानं दिलेला डाग. त्या हजेऱ्या लिहिणारे कारकून जगातली सर्वांत रटाळ माणसं असणार. त्यांना भागाकार लागत नाही.

माझा मुनशी तिथं दोनदा सापडला. त्या सफरीच्या आधीच्या हजेरीत तो गव्हाळ रंगाचा, गालावर तीळ असलेला होता. घोडा पांढरा. सफरीनंतरच्या हजेरीत गव्हाळ रंग तोच, तीळ तोच, आणि कपाळावर जखमेची खूण. घोडा काळा.

मी कपाळावर हात ठेवून बसलो. एखाद्या फौजेतल्या माणसाच्या कपाळावर खूण असते, त्यात नवल काय. घोडे मरतात, बदलतात. याचा त्या पानाशी संबंध जोडायला पुरावा नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो. तरी परतीच्या बसमध्ये खिडकीच्या काचा खडखडल्या की मी सीट दोन्ही हातांनी धरत होतो. शेजारच्यानं विचारलं, पहिल्यांदा बसलाय का एसटीत. मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी सास्तूरला पोचलो तेव्हा पाऊस असा होता की शेडात ओरडून बोलावं लागत होतं. डॉक्टर सकाळी येऊन गेला होता. छाती भरलीय, कोरड्या, उबदार जागी ठेवा, दोन दिवसांत उतार पडला नाही तर भरती करावं लागेल, असं त्यानं सांगितलं होतं. नात रडत नव्हती, नुसती बाळाच्या छातीकडं बघत बसली होती. प्रत्येक श्वासाला त्या छातीत खळगा पडत होता. वरून एक थेंब दुपट्यावर पडला. तिनं तो तळव्यानं पुसला. दुसरा पडला.

चाची माझ्यासमोर येऊन बसल्या. "आता सांग. काय लिहिलंय?"

मी सांगितलं. आवाज आला, लोक म्हणाले नेहमीचं आहे, पावसाची चिन्हं होती, सगळे आत झोपले. पुढचं पान नाही. मुनशी जिवंत राहिला, कारण पुढं त्यानं बाजाराचं लिहिलंय. त्याच्या कपाळावर नवी खूण होती. ती कशाची, ते ठाऊक नाही. गावाचं काय झालं, ते ठाऊक नाही. एकही शब्द मी वाढवला नाही आणि माझीच जीभ मला परकी वाटत होती.

"म्हंजे कायच म्हाईत न्हाई."

"न्हाई, चाची."

"तुला भ्या वाटतंय."

"वाटतंय."

त्यांनी वर खिळ्याच्या भोकाकडं पाहिलं. पत्र्यावर पाऊस खडे मारत होता. मग मुलाकडं वळून म्हणाल्या, "दार काढ."

"कुठलं दार?"

"आतल्या खोलीचं. बिजागरीसकट काढ. माळवद पडलं त्या दिवशी दारं आवळून बसली होती. आतून हाका यायल्या, आन् आमाला दार उघडंना."

मुलगा पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेला. दार उतरवून त्यानं बाहेर भिंतीला टेकवलं. मग लोखंडी कपाट भिंतीपासून ओढून दूर नेलं, पोती एका बाजूला रचली आणि कोपऱ्यात गादी टाकली. चाचींनी बाळाला नातीकडून घेतलं, ओढणीत गुंडाळलं, आणि मुलगा डोक्यावर ताडपत्री धरून असताना अंगण ओलांडलं.

उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. एक हात चौकटीवर ठेवला. बाजारात बैल घ्यायच्या आधी त्याच्या पाठीवरून फिरवतात तसा तो हात खाली-वर फिरला. पाय उचलेना. मी मागं होतो, मला त्यांची टाच दिसत होती. ती उचलली जायची आणि तिथंच टेकायची. मग बाळ खोकलं आणि त्या आत गेल्या.

कोपऱ्यात भिंतीला पाठ न लावता बसल्या. नात शेजारी. मुलगा चूल पेटवायला शेडात परतला. चाचींची नजर स्लॅबवर खिळली होती, एका क्षणालाही हलत नव्हती.

"मास्तर, तू उंबऱ्यात बस."

बसलो. पाय अंगणाच्या बाजूला, बाकीचा मी आत, डोक्यावर चौकट.

"आता बोल."

"काय बोलू?"

"काईबी. खोटं बोल. लई मोठं बोल. मला त्या स्लॅबाचा आवाज ऐकू येऊ देऊ नगंस."

मी सुरू केलं. मुनशीच्या किताबात नसलेलं, कुठंच नसलेलं. एका राजाचा हत्ती हरवला, त्याला शोधायला दुसरा पाठवला, तोही परतला नाही, म्हणून तिसरा. नातीनं हळूच बाळाचं दुपटं सोडून कोरडं गुंडाळलं. जवळच्या माकणीच्या धरणात बुडालेल्या रानात हत्तींची वस्ती झाली असं मी सांगत होतो, तेवढ्यात खाली मुरूम ओतला गेला.

जवळून आला आवाज. ताटं लागली एकमेकांना. कपाटाची मूठ किणकिणली. चाची बाळावर वाकल्या, दोन्ही कोपर जमिनीला टेकले, पाठीचं छप्पर करून. नात त्यांच्या पाठीवर पडली. माझे पाय निघाले होते, खरंच सांगतो, ते अंगणात उभे राहिले होते आणि मला ओढत होते. मी चौकट धरली.

"हत्ती," चाची जमिनीकडं तोंड करून म्हणाल्या. "हत्तीचं काय झालं?"

मी सांगू लागलो. चौथा पाठवला. पाचवा पाठवला. आवाज माझा वाटत नव्हता, कुणीतरी बारीक, चिरका माणूस बोलत होता. शंभर पाठवले, चार हजार पाठवले, राजाकडं हत्ती संपले तेव्हा त्यानं शेजारच्या राजाचे मागवले. ताटं कधीच थांबली होती. बाळाच्या घशात घरघर होती, पण ते झोपलं होतं, आणि चाची अजून कोपरांवर तशाच होत्या. मुलगा अंगणातून धावत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, थांबला. थांबला आवाज." मी ऐकलं. तरी हत्ती पाठवत राहिलो, कारण गप्प बसलो असतो तर पुन्हा ऐकावं लागलं असतं.